उजव्या हाताच्या पाट्या

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. ताई दोनदा फोनवर म्हणाली, "वेंगुर्ल्याला जाऊन आलास, त्यावर लिही की." लिहायचं होतंच. पण त्या प्रवासात माझी जी बाजू आहे ती फारशी शोभण्यासारखी नाही, म्हणून टाळत होतो. आता लिहूनच टाकतो.

मुंबई ते वेंगुर्ला हा रस्ता मला नवा नाही. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत एस्टीने जायचो. रात्रभरचा प्रवास, आईच्या पिशवीत उलटीवर उपाय म्हणून लिंबू, आणि मध्यरात्री कुठल्याशा डेपोत प्यायलेला तो गोडमिट्ट चहा! कशेडी घाटातली वळणं मी डोळे मिटून मोजायचो आणि दरवेळी मोजणी चुकायची. मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आमचं गाव एका रात्रीत जवळ आलं. म्हणजे तसं म्हणायचं. रेल्वे वेंगुर्ल्याला जातच नाही. कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरायचं आणि पुढे पुन्हा एस्टी, नाहीतर रिक्षा.

यावेळी मात्र गाडीने गेलो, कारण बरोबर अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना दर दोन तासांनी उतरावं लागतं आणि रेल्वेच्या वरच्या-खालच्या बर्थचं गणित आता जमत नाही. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही; शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाला माझ्या नावाने हाक मारतात. पण त्यांनी स्वतः ठरवलं होतं की वेंगुर्ल्याला जायचं आणि हक्कसोडपत्रावर सही करायची. हे ते विसरले नाहीत. रोज सकाळी विचारायचे, "कधी निघायचं?"

हक्कसोडपत्र कशाचं, तर घराचं आणि घरामागच्या वाडीचं. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे दोन नावं लागलेली: दादाकाकांचं आणि अण्णांचं. दादाकाका २०२१ च्या मे महिन्यात गेले. त्यावेळी जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला त्या साथीत इतक्या लांब नेण्याची माझी हिंमत झाली नाही. अण्णांनी भावाला शेवटचं पाहिलं ते माझ्या फोनवर. फोन त्यांनी उलटा धरला होता, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

आता दादाकाकांच्या मागे त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, सगळं बघतो. घरात त्याला बाबू म्हणतात. चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं, मागे माड आणि पोफळी, दोन हापूस, काजूची चार झाडं. अण्णांना आपला अर्धा हिस्सा बाबूच्या नावावर करून द्यायचा होता. फुकट.

इथे माझी बाजू येते. मी तोंडाने काही बोललो नव्हतो, पण हिशेब केला होता. सिंधुदुर्गात हल्ली जमिनीला काय भाव आलाय हे तुम्हाला सांगायला नको. मुलाला परदेशी शिकायला जायचंय, बँकेचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता. अर्ध्या वाडीचे किती येतील, त्यातून किती कर्ज टळेल, हे मी ऑफिसातल्या पॅडवर मांडून पाहिलं होतं. कागद नंतर फाडला. आकडा मात्र डोक्यात राहिला.

पहाटे पाचला निघालो. पनवेल मागे पडलं, पेण आलं. हा महामार्ग पूर्वी सतरा नंबरचा होता, आता सहासष्ट म्हणतात. नंबर बदलला पण खड्डे तेच, असं दर गणपतीला चाकरमानी म्हणतात ते काही खोटं नाही. चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ चाललंय. एकदा गुळगुळीत रस्ता लागतो, आपण खूश होतो, आणि तेवढ्यात 'वळण रस्ता' अशी पाटी येऊन गाडी मातीत उतरते. नागोठणे, कोलाड, माणगाव. माझ्या डोक्यातलं कोकण असं आहे: नाके, फाटे, वड्याची हॉटेलं.

महाडला सावित्रीवरच्या पुलावर अण्णा म्हणाले, "इथेच ना रे ते?" इथेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एस्टी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पुढल्या वर्षी नवा पूल झाला. अण्णांनी हात जोडले. हे त्यांना आठवतं याचं मला आश्चर्य वाटलं. मग वाटलं, पाण्यात गेलेली माणसं ते विसरत नाहीत. १९४७ च्या जुलैमध्ये रेवसला जाणारी 'रामदास' बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यावेळी अण्णा सहा वर्षांचे होते. वेंगुर्ल्यात त्यानंतर कित्येक दिवस बायका बंदराकडे पाहून कुजबुजत होत्या, एवढं त्यांना अजून सांगता येतं.

कशेडीला आता घाट चढावा लागत नाही, बोगदा झालाय. लहानपणी मोजलेली सगळी वळणं काही मिनिटांत अंधारात संपली. बाहेर पडून खेडच्या जवळ आलो तर अण्णांनी विचारलं, "हर्णै गेलं का?"

मी म्हटलं, "अण्णा, हर्णै कुठे? आपण खेडला आलोय."

ते गप्प बसले. चिपळूणला चहा घेतला. निघताना पुन्हा, "दाभोळ आलं?"

मी खरं सांगतो, मला वैताग आला. वाटलं, झालं, आता वेंगुर्ल्यापर्यंत हेच. दोन दिवसांनी निबंधकांच्या कार्यालयात सही करायची आहे आणि गृहस्थ कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक नाही. (आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं, की ज्याला गाव कळत नाही त्याची सही तरी कशी धरतात? हा विचार आला हे इथे लिहिताना लाज वाटतेय, पण आला होता.)

सावर्डे, संगमेश्वर. मग निवळीचा फाटा आला आणि अण्णा म्हणाले, "जयगड." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर उजव्या हाताला बाण दाखवणारी पाटी दिसली. जयगड. फाट्यावरून उजवीकडे वळलं की जयगडचंच बंदर. पाच-दहा मिनिटांनी हातखंबा, उजवीकडे रत्नागिरी. अण्णा पुटपुटले, "रत्नागिरी. इथे बोट बराच वेळ थांबते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

ते बोटीची बंदरं मोजत होते. आगबोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली की कोकणपट्टीची बंदरं घेत जायची: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, आणि मग वेंगुर्लं. माझ्या रस्त्यावरचा प्रत्येक मोठा फाटा म्हणजे त्यांच्या एकेका बंदराकडे जाणारी वाट होती. खेडहून उजवीकडे दापोलीवरून हर्णै. चिपळूणहून दाभोळ. राजापूरहून जैतापूर, मुसाकाजी. तळेऱ्याहून विजयदुर्ग. नांदगावहून देवगड. कसालहून मालवण. इतकी वर्षं मी या पाट्या वाचत आलो आणि उजवीकडे बघून सरळ पुढे गेलो. या पाट्यांच्या टोकाला एक सबंध रस्ता होता, पाण्याचा, आणि माझा बाप त्या रस्त्यावरून मुंबईला आला होता, हे मला माहीत होतं. पण आपल्याला माहीत असतं आणि आपण बघितलेलं असतं, यात फरक आहे.

पुढचा प्रवास बदलून गेला. मी पाटी दिसली की विचारायचो, "अण्णा, आता कुठलं बंदर?" आणि ते बरोबर सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. राजापूरला जेवलो. त्यांनी सोलकढी दोन वाट्या घेतली. हात धुऊन गाडीत बसल्यावर मला वाटलं की आता विचारून टाकावं, पुन्हा धीर व्हायचा नाही. म्हटलं, "अण्णा, तुम्ही सगळाच हिस्सा बाबूला देताय. थोडासा ठेवावा असं नाही वाटत? नातवासाठी?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मला वाटलं ऐकलं नसेल. खारेपाटणचा पूल ओलांडला तेव्हा म्हणाले, "तिकीट माझ्यासाठी काढलं नव्हतं."

ही गोष्ट मी तुकड्या-तुकड्यांत पूर्वी ऐकली होती, पण हे वाक्य कधीच ऐकलं नव्हतं.

१९५८ साल. गिरगावात आजीच्या भावाची खोली होती आणि त्यांनी कळवलं होतं, एका मुलाला पाठवा, एकाचीच सोय होईल. दादाकाका मोठे, वीस वर्षांचे, मॅट्रिक झालेले. ते जाणार हे ठरलेलं. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, त्यामुळे दिवाळीनंतर निघायचं होतं. त्याच पावसाळ्यात आजोबांना अर्धांगवायू झाला. आता माडावर कोण चढणार, पोफळीला पाणी कोण शिंपणार, कुळांशी कोण बोलणार? अण्णा सतरा वर्षांचे, अंगाने किरकोळ, माडावर चढायला घाबरणारे. "मी अर्ध्यावर जाऊन रडायचो," अण्णा म्हणाले. दादाकाकांनी तिकीट काढून आणलं आणि ते अण्णांच्या हातात दिलं. बस्स. घरात त्यावर चर्चा झाल्याचं अण्णांना आठवत नाही.

वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यापासून बोटीपर्यंत पडावातून जायचं. दादाकाका पडावात अण्णांच्या बरोबर आले. ट्रंक त्यांनीच वर चढवून दिली. "आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? पडाव परत गेला. त्यात बसून तोही गेला. मी वरून बघत होतो. त्याने एकदाही मागे बघितलं नाही. मला वाटलं रागावलाय."

एवढं बोलून अण्णा खिडकीकडे वळले. थोड्या वेळाने तळेरं आलं. "विजयदुर्ग," ते म्हणाले.

मी पुन्हा हिस्स्याचा विषय काढला नाही.

कुडाळहून महामार्ग सोडला आणि आम्हीही शेवटी उजवीकडे वळलो. पिंगुळी, मग मठ. हा शेवटचा तासाभराचा रस्ता मला फार आवडतो. लाल माती, काजूच्या बागा, दोन्हीकडून झाडं वाकलेली, आणि एका चढावर अचानक वारा बदलतो. समुद्र दिसत नाही पण तो आहे हे नाकाला कळतं. अण्णांनी काच खाली केली.

बाबू अंगणात उभाच होता. "काकानू, दमलात? येवा, येवा." त्याने अण्णांना हाताला धरून पडवीत बसवलं. "तुमी कित्याक इतको त्रास घेतलात? मीच इलंय असतंय मुंबैक." अण्णा म्हणाले, "तू येऊन काय झालं असतं? मला यायचं होतं." रात्री बांगड्याचं तिखलं आणि भात. वहिनींनी अण्णांसाठी काटे काढून दिले. दादाकाकांचा फोटो माजघरात लावलाय. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आणि फोटोखालच्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी वेळ मोकळा होता म्हणून संध्याकाळी त्यांना बंदरावर नेलं.

वेंगुर्ल्याला पूर्वी कधी न गेलेल्यांसाठी थोडं सांगतो. आज तिथे मच्छीमारांच्या होड्या, जाळी, मासे सोलणाऱ्या बायका आणि सूर्यास्त बघायला आलेले दहावीस पर्यटक असतात. 'किती शांत आहे नाही!' असं त्यातला कुणीतरी म्हणतोच. पण हे गाव मुळात शांत नव्हतं. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं. बेळगावला लष्कराची छावणी होती आणि तिचा माल वेंगुर्ल्याला उतरायचा, मग बैलगाड्यांतून घाट चढून वर जायचा. घाटावरचा माल त्याच वाटेने खाली यायचा. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे आली. आगगाडी थेट बंदराला भिडल्यावर बैलगाड्यांची वाट कोण धरणार? माल तिकडे गेला. उरली ती माणसांची ये-जा, बोटीने. मग खाड्यांवर पूल झाले, एस्टी गावोगाव पोचली, बोटीही बंद पडल्या. महामार्ग कुडाळवरून गेला, कोकण रेल्वेही आतूनच गेली. दरवेळी कुठेतरी नवा रस्ता झाला आणि दरवेळी वेंगुर्लं आणखी थोडं गप्प झालं. आता आपण त्याला निवांत म्हणतो आणि तिथे होमस्टे शोधतो. मीही म्हणतो, मला हसायचा अधिकार नाही.

अण्णांना हे सगळं ऐकण्यात रस नव्हता. ते जेट्टीच्या कठड्याला धरून उभे होते. मी विचारलं, "बोट कुठे उभी राहायची?" त्यांनी हात वर केला, थोडा डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला, आणि म्हणाले, "लांब." जवळच जाळं शिवत बसलेला एक म्हातारा आमच्याकडे बघत होता. त्याने नुसती मान हलवून दिशा दाखवली. अण्णांनी दाखवली होती तीच. दोघेही एकमेकांशी काही बोलले नाहीत. अंधार पडायला लागला, दूर समुद्रातल्या खडकांवरच्या दीपगृहाचा दिवा लुकलुकायला लागला, आणि अण्णा म्हणाले, "चल, दादा वाट बघत असेल." मी दुरुस्त केलं नाही.

सहीचा दिवस मात्र गमतीचा गेला. हल्ली दस्त नोंदवायचा म्हणजे फोटो काढतात आणि यंत्रावर अंगठा लावावा लागतो. अण्णांचा अंगठा यंत्र घेईना. म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात. पुसून लावला, दाबून लावला, तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने बोट पुसून दिलं, तेव्हा चौथ्यांदा उठला. मग बाबूची पाळी. तो जेमतेम पन्नाशीचा, तरी त्याचाही उठेना! चिऱ्याच्या, नारळाच्या आणि चिखलाच्या कामाने त्याच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. काका-पुतणे शेजारी बसून आपापले अंगठे धोतराला आणि पँटला घासत होते. साक्षीदार म्हणून माझाही अंगठा घेतला. माझा पहिल्याच फटक्यात उठला. तीस वर्षं संगणकावर काम केलेला अंगठा, स्वच्छ आणि गुळगुळीत. ती मुलगी म्हणाली, "तुमचा छान आला." मला बरं वाटलं नाही.

सही करण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांनी अण्णांना नियमाप्रमाणे विचारलं, हे तुम्ही स्वखुशीने करताय ना, कुणाचा दबाव नाही ना. अण्णा म्हणाले, "नाही. उशीर झाला, एवढंच." अधिकाऱ्यांना वाटलं ते कार्यालयातल्या रांगेबद्दल बोलतायत. त्यांनी बिचाऱ्यांनी माफी मागितली.

बाहेर आल्यावर बाबू माझ्याजवळ आला. तो कधी फार बोलत नाही. म्हणाला, "तुका वाईट तर नाय ना वाटला?" मी म्हटलं, नाही रे. हे पूर्ण खरं नव्हतं. आकडा अजून डोक्यात होता, आत्ता लिहितानाही आहे. कर्जाचा अर्ज परत आल्यावर भरला, आणि हप्ते मोठे आहेत. पण त्याला नाही म्हणताना मला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. तो म्हणाला, "बाबा शेवटच्या वर्साक काकांची खूप आठवण काढी. म्हणा, तेका पडावात बसवलंय तेव्हा माका रडू येय होता, म्हणून मागे बघूक नाय."

मी ते अण्णांना लगेच सांगितलं नाही. रात्री सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

चौथ्या दिवशी निघालो. बाबूने डिकीत नारळ, कोकमं, काजूगर आणि खाजा भरला. मी नको नको म्हणत होतो ते त्याने ऐकलंसुद्धा नाही. अण्णा पुढच्या सीटवर बसले. कुडाळला महामार्गाला लागलो. आता पाट्या डाव्या हाताला येत होत्या. कसाल आलं तेव्हा मीच आधी म्हटलं, "मालवण."

"हं," अण्णा म्हणाले.

कणकवली गेली, नांदगाव आलं. "देवगड."

"हं."

तळेऱ्याला विजयदुर्गाची पाटी दिसली तेव्हा त्यांची मान खिडकीला टेकली होती, झोप लागली होती. मी गाडी जरा हळू केली, पाटी मागे गेली, आणि पुन्हा वेग घेतला.